खरारा करणारे हात

न्यूयॉर्कहून हडसन नदी ओलांडली की न्यू जर्सीतलं लिओनिया हे गाव लागतं. तिथल्या घोड्यांच्या रिंगणात काही वर्षांपूर्वी लष्करातून निवृत्त झालेली माणसं आठवड्यातून एकदा जमत. घोड्यावर कुणीच बसत नसे. आधी लांबून नुसतं बघायचं, मग जवळ जायचं, मानेवर हात ठेवायचा, खरारा करायचा, दोर धरून चार पावलं चालवायचं. दीड तासाने परत. असे आठ आठवडे.

ही माणसं पीटीएसडीची, म्हणजे आघातोत्तर तणाव विकाराची रुग्ण होती आणि त्यांच्यावरचा हा प्रयोग कोलंबिया विद्यापीठाच्या युवाल नेरिया आणि प्रुडन्स फिशर यांचा होता. त्याला नाव दिलं होतं ‘मॅन ओ’ वॉर’. २१ शर्यतींपैकी २० जिंकलेल्या एका दंतकथा बनलेल्या घोड्याचं हे नाव. पण रिंगणातल्या घोड्यांना कुठलीच शर्यत जिंकायची नव्हती.

मग घोडाच का?

लढाई संपून वर्षं लोटली तरी या माणसांचं शरीर पहाऱ्यावरून उतरलेलं नसतं. दार आपटलं की छातीत धस्स होतं, गर्दीत पाठ भिंतीला लावल्याशिवाय चैन पडत नाही, रात्री झोप लागत नाही. घोडाही जन्मभर पहाऱ्यावरच असतो. कितीही उमदा, कितीही ताकदवान दिसला तरी तो शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं, कान हवे तिकडे वळतात, आणि जरा खुट्ट झालं की तो पळायच्या तयारीत असतो. फरक एवढाच, की धोका टळल्याचं कळलं की तो मान खाली घालून पुन्हा चरू लागतो. पहाऱ्यावर जाणं सैनिकाला येतंच. त्यावरून परतणं त्याला अवघड झालेलं असतं, आणि ते करणारा प्राणी त्याच्या हाताच्या अंतरावर उभा असतो.

शिवाय घोडा माणसाला भीडभाड न ठेवता प्रतिसाद देतो. कुत्रा मालकाचा राग सोसूनही पायाशी येतो. आखडलेल्या खांद्यांनी, श्वास रोखून कुणी जवळ आलं तर घोडा कान मागे पाडतो, अंग काढून घेतो. तोच माणूस सैल झाला की घोडाही सैलावतो, जबडा हलवतो, फुरफुरतो. ही केवळ घोडेवाल्यांची समजूत नाही. ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागावलेला चेहरा समोर आल्यावर ते डाव्या डोळ्याने बघू लागले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले.

उपचारासाठी घोड्याकडे आधी लोक गेले ते मनाच्या नव्हे, शरीराच्या. डेन्मार्कच्या लिस हार्टेलना १९४४ मध्ये, तेविसाव्या वर्षी आणि गरोदर असताना पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागे, पण खोगिरात बसल्यावर त्या आणि त्यांची घोडी ज्युबिली यांच्यात पायांच्या इशाऱ्यांची उणीव जाणवत नसे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज हा अश्वारोहणाचा प्रकार पहिल्यांदाच स्त्रियांना खुला झाला होता. त्यात त्यांनी रौप्यपदक मिळवलं आणि सुवर्णविजेते स्वीडनचे हेन्री सांसिर यांनी त्यांना हात देऊन पोडियमवर चढवलं. युरोपात अपंगांसाठी अश्वारोहणाची केंद्रं उभी राहिली त्यामागे या पदकाची मोठी प्रेरणा होती. चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर स्वाराची कंबर जवळपास माणसाच्या चालण्यासारखीच हलते, हे त्यातलं शारीरिक मर्म. जमिनीवर उभं राहून, घोड्यावर न बसता मनावर काम करण्याची पद्धत अमेरिकेत रुजायला मात्र शतकाची अखेर उजाडली.

या उपचाराचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, म्हणून दुसरी बाजू ठामपणे सांगायला हवी. २०१४ मध्ये काही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे १४ अभ्यास तपासले आणि मानसिक आजारांवर घोड्यांच्या उपचाराला भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. टीका रास्त होती. दुखावलेल्या माणसाला नुसत्या आशेवर पैसे खर्चायला लावणं हा अन्यायच आहे. लिओनियाचा प्रयोगही निर्णायक म्हणता येत नाही, कारण तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट त्यात नव्हता.

तरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निकाल बाजूला सारता येत नाहीत. सहभागी ६३ जणांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची लक्षणं तीन महिन्यांनंतरच्या तपासणीतही लक्षणीय कमी झालेली आढळली. त्याहून लक्ष वेधून घेतो तो दुसरा आकडा. आघाताची आठवण पुन्हा पुन्हा उगाळायला लावणारे उपचार अनेक निवृत्त सैनिक अर्ध्यावरच सोडून देतात. इथे ६३ पैकी फक्त पाच जणांनी सोडले. बाकीचे आठवड्यामागून आठवडे येत राहिले, त्याच घोड्यांपाशी, हातात खराऱ्याचा ब्रश घेऊन.