पट्टी निळी झाली तर घाबरायचं का?

जुलै-ऑगस्टमध्ये लातूरकडे सोयाबीनवर आणि किनवट-हदगाव भागात कपाशीवर फवारणी जोरात असते. त्याच दिवसांत पाऊस शेतातलं पाणी ओढ्या-विहिरींत नेतो. पाण्यातलं कीटकनाशक ओळखणाऱ्या स्वस्त कागदी पट्ट्या इथे खरोखर कामाच्या आहेत, पण त्या नीट वाचता आल्या तरच.

“रंग आला म्हणजे पाण्यात विष.” नेमकं उलट! या प्रकारच्या नेहमीच्या पट्टीत असिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम कागदावर सुकवलेलं असतं. कागदावरच्याच दुसऱ्या रसायनाचं ते विघटन करतं आणि निळा रंग उमटतो. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधं हे एन्झाइम निकामी करतात, मग रंग येत नाही. आपल्या मज्जासंस्थेतही हेच एन्झाइम असतं. फवारणी करताना या औषधांची विषबाधा होते ती त्याच्यावर घाव बसल्यामुळे. म्हणून पट्टी पांढरी राहिली तर सावध व्हा. मात्र मराठवाड्याच्या उन्हात पट्टी पडून राहिली किंवा पाण्यात टीसीएल पावडर जास्त असली, तरी एन्झाइम मरतं. त्यासाठी शेजारी खात्रीच्या स्वच्छ पाण्यात दुसरी पट्टी बुडवून पाहावी. तीही पांढरी राहिली, तर दोष पट्टीत आहे.

“निळी झाली, आता पाणी निर्धोक.” तसं म्हणता येत नाही. कपाशीवरचं इमिडाक्लोप्रिड, सोयाबीनमधलं इमॅझेथापायर तणनाशक, ग्लायफोसेट यांपैकी काहीच या पट्टीला सापडत नाही. क्लोरपायरीफॉसही ऑक्सिडीकरण झाल्याशिवाय नीट सापडत नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. इतकं बारीक मोजायला क्रोमॅटोग्राफीची यंत्रंच लागतात.

“उकळलं, तुरटी फिरवली की झालं.” उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गाळ बसतो. कीटकनाशकाची खात्री दोन्ही देत नाहीत. सक्रिय कोळशाचा फिल्टर बऱ्याच कीटकनाशकांचं प्रमाण कमी करतो.

“गावात किटने तपासणी झालीय.” जलजीवन मिशनच्या किटमध्ये फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन असे घटक तपासतात, कीटकनाशकं नाहीत.

फवारणीचा पंप विहिरीवर कधीही धुऊ नका. पट्टी पांढरी राहिली, तर ते पाणी पिणं थांबवा, काचेच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरा, थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवा आणि अर्जावर “कीटकनाशक अवशेष तपासणी” असं स्पष्ट लिहा. नेहमीच्या पाणी तपासणीत ती आपोआप होत नाही.