जुन्या डिझेल जीपचा शक्तिक्षय : निदानाचा क्रम

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन्ही जिल्हे अरण्यप्रधान होत. आलापल्लीहून भामरागड वा सिरोंचाकडे जाताना वाहन अडले, तर मदत दूरवरून आणावी लागते. वाहनात रुग्ण असल्यास त्या विलंबाची किंमत पैशांत करता येत नाही. म्हणून जुनी जीप ‘ओढत नाही’ अशी तक्रार आली असता एंजिन उघडण्यापूर्वी कोणत्या क्रमाने विचार करावा, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम दोष एंजिनाचाच आहे काय, हे पाहावे. काही अंतर गेल्यावर एखादेच चाक मध्यभागी फार तापलेले आढळले, तर तेथील ब्रेक धरून राहत असण्याचा संभव असतो. चढणीवर एंजिनाचे फेरे वाढूनही गाडीचा वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

त्यानंतर हवेचा विचार करावा. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे १५° से. (२८८ के.) तापमानाच्या मानाने ४५° से. (३१८ के.) तापमानास त्याच सिलिंडरात सुमारे ९ टक्के हवा कमी शिरते. चंद्रपूरच्या मे महिन्यातील काही शक्तिक्षय हा अशा रीतीने ऋतूचा असतो, यंत्राचा नव्हे. त्यात धुळीने हवागाळणी चोंदली, म्हणजे इंधन पुरते जळत नाही व काळा धूर निघतो. अंतःक्षेपक बिघडला तरीही काळा धूर येतो, म्हणून गाळणी आधी तपासावी. ती परीक्षा स्वस्त आहे.

धूर नसून शक्ती कमी असेल, तर इंधन अपुरे पडत असावे. पिंपांत साठविलेल्या डिझेलमध्ये पावसाळ्यात पाणी उतरते. इंधनगाळणीच्या तळाशी ते सापडते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर संपीडन तपासावे. दट्ट्या संपीडनाच्या अखेरीस वरच्या टोकास आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, सिलिंडरात दाबाची हवा सोडावी व ती कोठून निसटते ते ऐकावे. तेल भरण्याच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या कड्या किंवा सिलिंडर झिजला आहे. धुराड्यातून आली तर निष्कास झडप, हवेच्या नळीतून आली तर प्रवेश झडप सदोष आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर सिलिंडरच्या माथ्याखालील गॅसकेट फुटल्याचा संशय घ्यावा.

एंजिनाची रचना निराळी असली तरी हे तत्त्व टिकते. १९६७ साली विक्रीस आलेल्या माझदा कॉस्मोसारख्या वांकेल एंजिनाच्या मोटारींत दट्ट्याऐवजी त्रिकोणी घूर्णक फिरतो व कड्यांचे काम त्याच्या टोकांवरील पट्ट्या करतात. घूर्णकाला तीन बाजू असल्याने तिन्हींचे दाब वेगवेगळे मोजावे लागतात. साधा दाबमापक त्यांपैकी सर्वाधिक तेवढाच दाखवितो आणि एका बाजूची गळती लपून राहते.

शेवटी एक इशारा. चोंदलेली गाळणी काढून टाकताच जीप पुन्हा ओढू लागते, आणि चालक ती तशीच चालवितो. शक्ती परत येणे हे येथे निदान होय, उपचार नव्हे. गाळणीवाचून आत शिरलेली धूळ कड्या व सिलिंडर घासून टाकते, आणि जो दोष गाळणी स्वच्छ करून गेला असता, त्यासाठी पुढे संपूर्ण एंजिन उघडावे लागते.