आधी गादी, मग अ‍ॅम्प
ऐकण्याची सामग्री : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात प्लेनर हेडफोनच्या पोटात काय असतं ते पाहिलं. चुंबकांच्या पट्ट्यांसमोर ताणलेला अतिशय पातळ पडदा आणि त्या पडद्यावरच पसरलेली वाहक रेघ. त्यावर आलेल्या पत्रांत एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होती, आणि डोंबिवलीच्या एका वाचकांनी ती सगळ्यात थोडक्यात लिहिली : ‘हायफायमॅन घेऊन दोन पावसाळे झाले. पूर्वीसारखा बेस लागत नाही. अ‍ॅम्प कोणता घेऊ?’

प्रश्नातच उत्तर आहे, फक्त ते ‘अ‍ॅम्प’ या शब्दात नसून ‘दोन पावसाळे’ या शब्दांत आहे. अ‍ॅम्प दोन वर्षांत अशक्त होत नाही. पडद्यामागचं चुंबकही नाही. दोन पावसाळ्यांत ठाणे-कल्याणच्या हवेत हमखास बिघडणारी एकच गोष्ट या हेडफोनवर असते, ती म्हणजे कानाची गादी. बाजारात तिला पॅड म्हणतात, आणि ती अ‍ॅम्पच्या मानाने फारच स्वस्त असते.

तेव्हा आधी पॅड काढून उजेडात धरा. हायफायमॅनच्या सुंदरा किंवा एचई४००एसईबरोबर येणारं पॅड संमिश्र असतं. गालाला टेकणारा भाग कापडी, आणि आतली-बाहेरची भिंत कृत्रिम चामड्याची. कापडी भाग चांगला दिसतो म्हणून आपण निर्धास्त असतो. बाहेरच्या भिंतीवर, शिवणीच्या कडेला अंगठा फिरवा. तिथे बारीक भेगा दिसतील, आणि अंगठ्याला काळ्या तिळासारखे कण चिकटतील. कॉलरवर, उशीच्या अभ्र्यावर अधूनमधून सापडणारे कण हेच. हे ‘चामडं’ म्हणजे विणलेल्या कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. पोपडे निघतात ते या थराचे.

पोपडे केवळ वापरामुळे निघतात हा गैरसमज आहे. पॉलियुरेथेनच्या, विशेषतः त्याच्या पॉलिएस्टर जातीच्या, रेणूंची साखळी पाणी तोडतं. हवेतली वाफ त्याला पुरते. उष्णता आणि घाम यांनी वेग वाढतो, आणि साखळी तुटताना तयार होणारं आम्ल पुढची साखळी तोडायला मदत करतं, म्हणजे एकदा सुरुवात झाली की काम झपाट्याने होतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. कपाटात नवे कोरे ठेवलेले बूट पहिल्याच दिवशी तळ टाकतात, त्यामागेही बहुधा हेच रसायन असतं. म्हणूनच स्वस्त मिळाली म्हणून पॅडची आणखी एक जोडी घेऊन ठेवू नका. डब्यात पडल्या पडल्या तीही म्हातारी होते. युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांत ‘पॅड चार-पाच वर्षं टिकलं’ असं वाचलंत तर ती वर्षं तिकडची समजा.

आता पोपड्यांचा बेसशी काय संबंध? प्लेनरचा पडदा पुढच्या बाजूला कानाभोवतीची थोडीशी हवा दाबतो. ही हवा कोंडलेली असेल तर अगदी खालचे, २०-३० हर्ट्झचे स्वरही सरळ रेषेत पोचतात. डायनॅमिक, म्हणजे नेहमीच्या कॉइलवाल्या, जातीच्या उघड्या पाठीच्या हेडफोनना हे सहसा जमत नाही, आणि प्लेनरवर पैसे खर्च करण्याचं निम्मं कारण तेच. पण गादीच्या कडेने हवा निसटली की सगळ्यात आधी हेच स्वर जातात. मधले स्वर जागेवर राहतात, त्यामुळे बिघाड ‘बिघाड’ वाटत नाही. सगळं थोडं पातळ आणि कोरडं झाल्यासारखं वाटतं, आणि संशय अ‍ॅम्पवर जातो. त्यातच फोम दबलेला असेल तर कान पडद्याच्या जवळ सरकतो आणि वरच्या स्वरांचाही तोल बदलतो. चष्मा असणाऱ्यांच्या बाबतीत काडीखालची फट ही आणखी एक वाट.

तपासायला यंत्र नको. तबल्याचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा, शक्यतो एकल वादनाचं, ज्यात डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घिस्सा स्पष्ट आहे. तो शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली फिरतो. घिस्सा चालू असताना दोन्ही तळव्यांनी कप डोक्यावर हलके दाबा. दाबल्यावर डग्गा एकदम भरून आला तर पॅड गळतंय. काहीच फरक पडला नाही तर पॅड निर्दोष आहे, मग अ‍ॅम्पचा विचार करू.

या तपासणीशिवाय अ‍ॅम्प घेणाऱ्यांचं काय होतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. एचई४००एसईचा रोध २५ ओहम आणि संवेदनशीलता ९१ डेसिबल, म्हणजे १ मिलिवॅट दिला की ९१ डेसिबल. आपण सरासरी ७५-८० डेसिबलवर ऐकतो (जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित मानते), पण मैफलीच्या मुद्रणात सरासरीच्या पुष्कळ वर जाणारे क्षण असतात. तेव्हा ११० डेसिबलची उंची गाठता आली पाहिजे असं धरू. त्यासाठी १९ डेसिबल वर जायचं, म्हणजे सुमारे ७९ मिलिवॅट : साधारण १.४ व्होल्ट आणि ५६ मिलिअँपिअर. झालं, एवढीच गरज. आता पॅड गळतंय म्हणून कुणी फोनच्या इक्वलायझरवर बेस ६ डेसिबल चढवला, तर त्या स्वरांसाठी चौपट वीज लागते. ७९ चे ३१६ मिलिवॅट होतात. जो अ‍ॅम्प परवापर्यंत पुरत होता तो आता खरोखरच कमी पडतो, आणि ‘मोठा अ‍ॅम्प घ्या’ हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरतं! फाटलेल्या गादीची भरपाई म्हणून घेतलेले अ‍ॅम्प आपल्याकडे थोडेथोडके नसावेत.

पॅड धड असेल तर अ‍ॅम्प निवडणं हे शाळेतल्या गणिताचं काम आहे. त्यात गूढ नाही, आणि याचं श्रेय प्लेनरच्या रचनेला. सेनहायझरच्या एचडी ६०० सारख्या डायनॅमिक हेडफोनचा रोध छापील ३०० ओहम असला तरी शंभर हर्ट्झच्या आसपास तो चढून पाचशेच्या वर जातो. त्यामुळे अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध जास्त असेल तर बेस फुगतो, कमी असेल तर फुगत नाही, आणि ‘या अ‍ॅम्पवर आवाज उबदार लागतो’ या चर्चेला काही आधार असतो. प्लेनरची रेघ म्हणजे जवळजवळ शुद्ध रोध. खालपासून वरपर्यंत २५ म्हणजे २५. दोन चांगले अ‍ॅम्प आवाजाच्या सारख्याच पातळीवर आणून ठेवले तर प्लेनरवर त्यांच्यातला फरक ओळखणं फार अवघड. यावर माझ्याशी भांडणारे मित्र ठाण्यात आहेत. त्यांनी भांडत राहावं, पण आवाजाची पातळी मोजून जुळवल्यानंतर.

मात्र प्लेनरला व्होल्टबरोबर प्रवाहही लागतो, आणि इथे जुनी समजूत उलटी पडते. ‘ओहम जास्त तो हेडफोन जड’ असं आपण धरून चालतो. एचडी ६०० ची संवेदनशीलता १ व्होल्टला ९७ डेसिबल, म्हणजे ११० गाठायला साधारण साडेचार व्होल्ट, पण प्रवाह फक्त १५ मिलिअँपिअर. हायफायमॅनचा जुना एचई६ छापील ५० ओहमचा, म्हणजे कागदावर हलका, पण संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. त्याला पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात. व्होल्ट जवळपास तेवढेच, प्रवाह सहापटीहून जास्त. म्हणून तर एचई६ वाले तो थेट स्पीकरच्या अ‍ॅम्पला जोडायचे. दुसऱ्या टोकाला ऑडिझीचा एलसीडी-एक्स : २० ओहम, १०३ डेसिबल. तो फोनच्या डोंगलवरही मजेत गातो. ‘प्लेनर आहे म्हणजे मोठा अ‍ॅम्प हवाच’ हे वाक्य त्यामुळे निरर्थक आहे. खोक्यावरचे दोन आकडे वाचा आणि गणित करा.

एक व्होल्टच्या आसपास देणारा साधा यूएसबी डोंगल एचई४००एसईला १०७ डेसिबलपर्यंत नेतो. चित्रपटगीतं, नाट्यपदं, मुलाखती यांना ते पुरेसं आहे, कारण हल्लीची मुद्रणं मुळातच वरच्या पातळीवर केलेली असतात. ख्यालाची जुनी, हळू पातळीवरची मुद्रणं ऐकायची असतील तर वर तीन-चार डेसिबलचा वाव हवा, आणि मग दोन व्होल्ट देणारा डोंगल किंवा टेबलावरचा लहान अ‍ॅम्प घ्यावा. जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम किंवा फिओचा के७ या दर्जाच्या अ‍ॅम्पमध्ये ३२ ओहमला एक वॅट किंवा त्याहून अधिक शक्ती असते, म्हणजे आपल्या गरजेच्या दहापटीहून जास्त. त्याच्या पलीकडे खर्च करायचा तो दिसण्यावर आणि बटणांवर.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पबद्दल वाचक आवर्जून विचारतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्ह अ‍ॅम्प प्लेनरसाठी घेऊ नका. उदाहरणार्थ, अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध १२० ओहम असेल आणि समोर २५ ओहमचा हेडफोन, तर व्होल्टचा फक्त सहावा हिस्सा हेडफोनपर्यंत पोचतो, बाकीचा अ‍ॅम्पच्या आत उष्णता होऊन जातो. शिवाय अशा अ‍ॅम्पना पुरेसा प्रवाह देणं सहसा जमत नाही. एचडी ६०० वर तेच यंत्र सुरेख वाजेल, दोष यंत्राचा नाही.

याउलट, माळ्यावर धूळ खात पडलेला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प कामाचा ठरू शकतो. कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत सोनोडाइन, कॉस्मिक किंवा फिलिप्सचा एखादा तरी असतो, आणि बऱ्याचदा त्याला पुढे जाड पिनेचं हेडफोनचं भोकही असतं. आतली सोय साधी असते : स्पीकरकडे जाणारा आवाज तीन-चारशे ओहमच्या रोधकातून या भोकाकडे वळवलेला. समजा अ‍ॅम्प ८ ओहमला ५० वॅटचा, म्हणजे २० व्होल्ट, आणि रोधक ३३० ओहमचा. २५ ओहमच्या हेडफोनवर किती उरतात? बरोबर १.४ व्होल्ट. वर काढलेला आकडा तोच! डायनॅमिक हेडफोनचा स्वर या रोधकाने बिघडला असता, प्लेनरचा नाही. आवाजाच्या गोल बटणात खरखर असेल तर दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या, आणि हेडफोन लावण्याआधी ते बटण शून्यावर आणा. एचई६ वाले जोडत असले तरी स्पीकरच्या स्क्रूंना मात्र आपण हेडफोन जोडायचा नाही. तिथे तेच २० व्होल्ट अडवणूक न होता येतात, २५ ओहममध्ये १६ वॅट होतात आणि पडद्यावरची रेघ जळते.

आता पुन्हा पॅडकडे, कारण तिथली निवड खरी चवीची आहे. अ‍ॅम्पने प्लेनरचा स्वभाव बदलत नाही, पॅडने बदलतो. आतली भिंत भोकं पाडलेली की अखंड, गादी किती जाड, तोंड किती रुंद, कापड हवा सोडणारं की अडवणारं, यातल्या प्रत्येक गोष्टीने स्वर हलतो. पूर्ण मखमली पॅडमधून हवा झिरपते, खालचे स्वर थोडे उतरतात, वरचे मोकळे वाटतात. अखंड चामडी पॅड हवा कोंडतं, डग्गा-पखवाज भरीव होतात, पण काहींना आवाज बंदिस्त वाटतो. फोस्टेक्सच्या टी५०आरपीवर शुअरच्या एसआरएच१५४० चं पॅड चढवण्याची हौस जगभर याच कारणाने आहे : हेडफोन तोच, स्वभाव दुसरा.

अस्सल मेंढीचं चामडं पोपडे सोडत नाही, पण श्रावणात त्याला पांढरी बुरशी धरते. ज्यांची ऐकण्याची खोली वातानुकूलित आहे त्यांनीच त्याच्या वाटेला जावं. खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी माझा कल कापडी तोंडाच्या संमिश्र पॅडकडे : भिंत सोलली तरी गालाला त्रास नाही, आणि तोंड ओल्या फडक्याने पुसता येतं. हेडफोन पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जेल मधूनमधून तापवून कोरडं केलं नाही तर मात्र तो डबा दमट हवेचाच साठा होतो. मोटारीची सीट कव्हर शिवणाऱ्याकडून पॅड शिवून घेता येईल का, असंही विचारलं जातं. शिवून मिळेल, दिसायलाही बरं दिसेल, पण फोमची घनता आणि भोकांची रचना त्याला कळण्याचं कारण नाही, आणि स्वर तर त्यातच आहे.

बसवण्याच्या बाबतीत दोन सूचना. हायफायमॅनचं पॅड प्लॅस्टिकच्या कड्यावर चढवलेलं असतं आणि ते कडं कपात अडकतं. बाहेरच्या कंपनीचं पॅड बऱ्याचदा कड्याशिवाय येतं, तेव्हा जुन्या पॅडबरोबर कडं कचऱ्यात टाकू नका. आणि पॅड एका बाजूला जाड असेल तर जाड बाजू कानामागे यायला हवी. उलटं बसलं की जबड्याकडे फट राहते, आणि नव्या पॅडलाही बेस नाही अशी नवी तक्रार सुरू होते. ऑडिझीच्या एलसीडी मालिकेत बहुतेक हेडफोनना पॅड चिकटवलेलं असतं. ते उपसताना घाई करायची नाही, कडेने थोडं थोडं सोडवायचं, कारण पडदा तिथून बोटभर अंतरावर आहे.

अमेरिकेतल्या भाच्याकडून अ‍ॅम्प मागवणाऱ्यांसाठी शेवटचं. तिकडच्या अ‍ॅम्पबरोबर येणारा अ‍ॅडाप्टर बऱ्याचदा फक्त १२० व्होल्टचा असतो, आणि काही अ‍ॅम्पना डीसी नाही, एसीच लागतो. पिन बदलणारा प्लग लावून तो आपल्या २३० व्होल्टला खोचला की अ‍ॅडाप्टर जातो, कधी अ‍ॅम्पही. मागवण्याआधी ‘२३० व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मिळेल का’ हे विक्रेत्याला विचारा, किंवा यूएसबीवर चालणारा अ‍ॅम्प घ्या. यूएसबीवाल्यात लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष अ‍ॅम्पचा नाही, बहुधा घरातल्या अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात तेव्हाही तोच संशय घ्यावा, आणि वायरमनला बोलवावं.

पुढील लेखांकात : बॅलन्स्ड केबल, ४.४ मिलिमीटरची पिन आणि तिची किंमत.