सायकलस्वाराने व्यायामशाळेचे शुल्क भरावे काय?

गेल्या काही वर्षांत आपल्या भंडारा जिल्ह्यात एक स्वागतार्ह बदल दिसू लागला आहे. पहाटे कारधा पुलावरून वैनगंगा ओलांडणाऱ्यांमध्ये आता केवळ दूधवाले व कामगार नसतात. डोक्यावर शिरस्त्राण घातलेले शिक्षक, बँकेतील कर्मचारी, व्यापारी आणि काही वैद्यबंधूही असतात. कोणी अड्याळवरून पवनी गाठतो, कोणी वरठी-मोहाडीमार्गे तुमसरपर्यंत जाऊन परततो. या उत्साहामागे काही अंशी विदर्भाचा अभिमानही आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे सुमारे ९,१०० किलोमीटरचे अंतर पार केले. त्यापूर्वी २०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने अमेरिकेतील तीच स्पर्धा पूर्ण केली होती. वैद्यकीय व्यवसाय सांभाळून हे साधता येते, हे पाहून अनेकांनी सायकली काढल्या.

हे सायकलप्रेमी आपल्या चिकित्सालयात येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरसाहेब, एवढी सायकल चालवतो, तर आणखी जिमचे पैसे भरायची गरज आहे का?" प्रश्न साधा वाटतो. आम्हीही अनेक वर्षे त्याचे साधेच उत्तर देत आलो. ते उत्तर अपुरे होते, हे एका रुग्णाने आम्हांला शिकविले. म्हणून हा लेखप्रपंच.

आमची चूक

सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे वयाचे एक शिक्षक आमच्याकडे नियमित येत. शरीर सडपातळ, नाडी मंद व स्थिर, रक्तदाब उत्तम, अग्नी प्रदीप्त. दर रविवारी पवनीची फेरी चुकत नसे. त्यांनी वरील प्रश्न केला तेव्हा आम्ही हसून म्हणालो, "गुरुजी, तुम्हाला कशाला जिम? सायकल पुरे." त्यांचेही समाधान झाले.

दोन वर्षांनी पावसाळ्यात घराच्या ओल्या अंगणात त्यांचा पाय घसरला. उभ्या उंचीवरून झालेले साधे पडणे, पण मनगटाचे हाड मोडले. अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने नागपुरात अस्थिघनता तपासली असता कण्याची घनता वयाच्या मानाने कमी आढळली. ड जीवनसत्त्वही कमी होते. ते म्हणाले, "मी तर गावातला सर्वांत तंदुरुस्त माणूस होतो ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्यांचे हृदय आणि अग्नी पाहिले होते. अस्थी आणि मांस पाहिलेच नव्हते.

सायकल काय देते, काय देत नाही

सायकलमुळे हृदय व फुप्फुसांची क्षमता वाढते, मेद घटतो, रक्तशर्करा आटोक्यात राहते आणि गुडघ्यांवर शरीराचा पूर्ण भार न पडता व्यायाम घडतो. या बाबतीत नियमित सायकलस्वाराला व्यायामशाळेतील धावपट्ट्याची वा एका जागी उभ्या असलेल्या सायकलची काडीमात्र गरज नाही. त्यासाठी तो पैसे मोजत असेल तर ते वाया गेले, असे निःसंकोच सांगावे.

परंतु जो गुण, तोच दोष. सायकलवर शरीराचा भार खोगीर पेलते, अस्थी पेलत नाहीत. अस्थी मात्र भार आणि आघात यांनाच प्रतिसाद देऊन दृढ होते. म्हणूनच रस्त्यावर लांब पल्ल्याची सायकल चालविणाऱ्यांच्या कण्याची अस्थिघनता, त्यांची क्षमता उत्तम असूनही, कमी आढळते असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. शिवाय मांडीचे स्नायू एकाच मर्यादित हालचालीत काम करतात. पाठ, खांदे व हात जवळजवळ स्थिर राहतात. चाळिशीनंतर मांसधातू दर दशकात घटत जातो आणि केवळ सायकलने ही घट पूर्णपणे थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही हे दोन भाग वेगळे आहेत. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. आपला सायकलस्वार पहिला भाग दुप्पट करतो आणि दुसरा मुळीच करीत नाही.

आपल्या शास्त्राच्या भाषेत हे समजणे अवघड नाही. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान, आणि आश्रयाश्रयी भावाच्या नियमाप्रमाणे वात वाढला की अस्थी क्षीण होते. तासन् तास वाऱ्याच्या झोताला तोंड देणे, अनियमित भोजन, अपुरे पाणी, वाटेत मूत्रवेग धारण करणे, पहाटेचे जागरण ही सारी वातवृद्धीची कारणे लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराच्या दिनचर्येत एकत्र येतात. वरून दिसणारे लाघव नेहमीच बलाचे लक्षण नसते. कधी ते रौक्ष्यही असते.

मात्रा आणि ऋतू

व्यायामशाळा ही आपल्याकडे परकी वस्तू नव्हे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली ज्या बंधूंनी स्थापन केले, त्यांचे आडनावही वैद्यच होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब यांत भार, तोल आणि लवचिकता ही तिन्ही अंगे होती. आजच्या जिममध्ये यंत्रे बदलली; गरज तीच आहे.

बदलली ती मात्रा. चरकांनी व्यायामाला मात्रेची अट घातली आणि वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी माणसालाही अर्धशक्तीचीच मर्यादा सांगितली. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी उद्भवतात, हेही आपण सारे जाणतो. मुखाने श्वास घ्यावा लागणे ही सुश्रुतांनी दिलेली बलार्धाची खूण. वजनाच्या व्यायामात अर्धशक्ती कशी ओळखावी? आम्ही एक सोपा संकेत वापरतो. जे वजन बारा वेळा कसेबसे उचलता येईल, ते सहा ते आठ वेळा उचलून खाली ठेवावे. शेवटच्या उचलीत श्वास कोंडला, चेहरा वाकडा झाला, की मात्रा ओलांडली असे समजावे.

ऋतूचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सायकलस्वार जिमची आठवण करतो ती पावसाळ्यात. धानाच्या बांध्या भरल्या, रोवणी सुरू झाली, रस्ते निसरडे झाले, की घरी बसवत नाही म्हणून तो एकदम वर्षभराचे शुल्क भरतो आणि जोमाने वजने उचलू लागतो. शास्त्रदृष्ट्या हा काळ उलट आहे. ग्रीष्म व वर्षा ऋतूंत शरीरबल व अग्नी सर्वांत मंद असतात. अर्धशक्ती व्यायामाचा काळ म्हणजे हेमंत, शिशिर व वसंत. इतर ऋतूंत त्याहून कमी. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या आपल्या भागात हा नियम पुस्तकी राहत नाही.

नॉर्वेतील संशोधक रोनेस्टाड व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. कसलेल्या सायकलपटूंनी बारा आठवडे, आठवड्यात दोनदा, पायांचा भारव्यायाम केला; नंतर स्पर्धाकाळातील तेरा आठवडे केवळ आठवड्यात एकदा. तेवढ्यावर मिळविलेले बल टिकले आणि सायकलवरील कामगिरीही सुधारली. ते तरुण खेळाडू होते व जवळजवळ पूर्ण शक्तीने वजन उचलत होते, म्हणून त्यांची मात्रा आपल्या रुग्णांना जशीच्या तशी लावू नये. परंतु त्यातील क्रम घेण्यासारखा आहे. बल कमवावे आठवड्याच्या दोन दिवसांनी. टिकवावे एका दिवसाने.

शुल्क कोणी भरावे, किती महिन्यांचे?

यावरून आम्ही पुढील पद्धत ठरविली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस भारव्यायाम. रविवारी लांब फेरी असेल तर मंगळवार व शुक्रवार हे दिवस सोयीचे पडतात. फेरीच्या आदल्या दिवशी वजन उचलू नये. मार्चपासून आठवड्यातून एकच दिवस, उन्हाळ्यात व पावसाळ्यात आणखी हलक्या मात्रेने, आणि तो घरीही करता येतो.

हिशेब मांडल्यास चार महिन्यांत प्रत्यक्ष हजेरीचे दिवस सुमारे चौतीस होतात. वर्षाचे शुल्क भरून चौतीस दिवस जाणाऱ्यास प्रत्येक दिवस किती रुपयांना पडला, हे त्याने स्वतःच काढावे. म्हणून वार्षिक सवलतीला न भुलता तिमाही वा चार महिन्यांचे सभासदत्व मागावे.

ज्याने वजन कधी उचललेले नाही, ज्याचे वय चाळिशीपलीकडे आहे, ज्या भगिनींची रजोनिवृत्ती झाली आहे किंवा ज्यांच्या घराण्यात अस्थिभंगाचा इतिहास आहे, त्यांनी निदान पहिला हंगाम जाणत्या प्रशिक्षकाजवळ काढावा. त्यांना हे शुल्क लाभदायी आहे. ज्याला योग्य पद्धत अवगत आहे त्याला घरी धानाची अर्धी गोणी, पाण्याची कळशी, जोर-बैठका आणि जिना पुरेसे आहेत. काही जण "आता वय झाले" असे म्हणून टाळतात. त्यांना सांगावे की चरकांनी मध्यम वय साठ वर्षांपर्यंत आणि सुश्रुतांनी सत्तर वर्षांपर्यंत मानले आहे. वृद्धांसाठीचा निषेध पन्नाशीच्या माणसाला लागू होत नाही.

व्यायाम निवडताना बैठक, जमिनीवरून भार उचलणे, पायरी चढणे, खांद्यावर भार नेणे आणि ओढणे हे पाच प्रकार पुरेत. अस्थिघनता कमी असल्यास कणा पुढे वाकवून भार उचलणे कटाक्षाने टाळावे. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन वाग्भटांनी सांगितले आहे. तीळतेलाचा अभ्यंग वातप्रकृतीच्या सायकलस्वाराला विशेष मानवतो.

चिकित्सालयात काय पाहावे

यासाठी यंत्र लागत नाही. हात छातीवर ठेवून खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास बारा सेकंद वा अधिक लागले तर पायांचे बल कमी समजावे. एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, तेही पाहावे. शिक्षकमहाशयांची ही तपासणी आम्ही दोन वर्षांपूर्वी केली असती, तर तीन मिनिटांत बरेच कळले असते. रक्तदाब, मधुमेह, छातीतील वेदना, चक्कर व कुटुंबातील हृदयरोग यांची चौकशी आधी करावी आणि शंका आल्यास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

एक इशारा विसरू नये. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात अतिश्रम केलेल्या व्यक्तीला तीव्र स्नायुवेदना, सूज आणि चहासारखे गडद मूत्र आढळले, तर ते स्नायूंच्या नाशाचे लक्षण असू शकते व त्याने वृक्क निकामी होण्याचा धोका असतो. तेथे काढा-चूर्णात वेळ न घालविता तत्काळ रुग्णालयात धाडावे.

औषधी विक्रेत्यांस विनंती

जिमची पावती फाडली की दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या दुकानात प्रथिनांचा डबा मागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. भारव्यायाम करणाऱ्यास याहून काही अधिक लागतात. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, पावशेर दुधात सुमारे ८ ग्रॅम आणि आपल्या मालगुजारी तलावांतील मासळीत शंभर ग्रॅममागे १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. हे सांगितल्याने कदाचित एक डबा कमी विकला जाईल, पण गिऱ्हाईकाचा विश्वास टिकेल. वृक्करोग्यास अधिक प्रथिने विचारल्याशिवाय देऊच नयेत. अश्वगंधा लोकप्रिय आहे, तथापि थायरॉईड वा यकृताचा विकार असलेल्यास ती वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नये. परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेली 'वजन वाढविणारी' चूर्णे आयुर्वेदाच्या नावाने विकली जातात. त्यांत स्टेरॉईडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. अशी चूर्णे दुकानात ठेवणे म्हणजे आपल्याच शास्त्राला बट्टा लावणे होय.

उपसंहार

आमचे गुरुजी हाड जुळल्यावर, अस्थिरोगतज्ज्ञांच्या अनुमतीने, हिवाळ्यापुरते व्यायामशाळेत जाऊ लागले. ड जीवनसत्त्वाची उणीव भरून काढली, आहारात डाळ व दूध वाढविले. वर्षानंतरच्या तपासणीत कण्याची घनता वाढलेली नव्हती, पण घटलेलीही नव्हती. हाताचा आधार न घेता ते जमिनीवरून उठतात आणि धानाचे पोते पडवीतून आत नेतात. पवनीची फेरीही सुरू आहे. सकाळी वारा समोरून असला तरी पूर्वीइतकी पाठ धरत नाही, असे ते सांगतात.

तेव्हा पुढल्या वेळी कोणी सायकलस्वार हा प्रश्न घेऊन आला, तर "सायकल पुरे" असे म्हणून त्याची बोळवण करू नये. श्वासासाठी सायकल पुरे. अस्थी-मांसासाठी भार हवा. तो भार जिममध्ये उचलावा की पडवीत, हा दुय्यम प्रश्न आहे. मात्र तो किती, कोणत्या ऋतूत व कोणी उचलावा, हे ठरविणे वैद्याचे काम आहे. औषधाची मात्रा आपण लिहून देतो, तशीच व्यायामाचीही लिहून द्यावी, एवढीच सर्व बंधू-भगिनींस नम्र विनंती. इत्यलम्.