उसाचा भाव : खर्च की नफा?

विक्रीतून खर्च वजा जाता उरतो तो नफा, हे व्यापारशास्त्राचे सूत्र कापडाच्या दुकानाला बिनतक्रार लागू पडते. ते सहकारी साखर कारखान्याला लावू गेले, म्हणजे मात्र पंचाईत होते.

खाजगी कारखान्यात ऊस विकणारा एक आणि मालक दुसरा. एकाला भाव चढा हवा, दुसऱ्याला उतरता. या ओढाताणीतून ठरलेली किंमत खर्च म्हणून निःशंकपणे लिहिता येते. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी निघालेल्या कारखान्यात १९५०-५१ च्या हंगामापासून ऊस घालणारा सभासद हाच मालक झाला. मग त्याने स्वतःलाच दिलेला जादा भाव कशात धरावा? लाभांशाला सहकार कायद्याने शेकडा १५ ची मर्यादा घातलेली. शिवाय लाभांश भागांवर मिळतो, भाव उसाच्या वजनावर. ज्याने ऊस जास्त घातला त्याला जास्त मिळावे, हेच सभासदांना न्याय्य वाटणार!

प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याने टनामागे ५० रुपये जादा दिले, तर रक्कम होते अडीच कोटी. ती नफा ठरली आणि कराचा दर शेकडा तीस धरला, तर ७५ लाखांचा कर बसतो.

ऊस नियंत्रण आदेशात १९७४ साली एक कलम आले : किमान भाव आधी द्यावा, आणि हंगामाअखेर जे अधिक उत्पन्न राहील त्यात शेतकऱ्यास निम्मा वाटा असावा. (२००९ मध्ये हे कलम गेले.) प्राप्तिकर खाते म्हणे, हा वाटा म्हणजे नफ्याची वाटणी. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, जादा भावात नफ्याचा अंश किती हे हिशेब पाहून ठरवावे. तेवढ्याची वजावट नाही, बाकीचा खर्च. तर्क म्हणून हे बिनचूक आहे. परंतु तो पैसा केव्हाच विहिरीत नि लग्नकार्यात गेलेला. कर भरायचा तो आजच्या सभासदाच्या उसातून! सरकारने मान्य केलेल्या मर्यादेपर्यंतचा भाव खर्च धरण्याची तरतूद २०१५ च्या वित्त कायद्याने केली, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने मागील वर्षांनाही ती सवलत दिली.

करापुरता वाद मिटला. व्यवस्थापनाचा मिटलेला नाही. सर्व शिल्लक भावात वाटून टाकली, तर झिजलेला बॉयलर कशातून बदलावा? दर पाच वर्षांनी मते मागणाऱ्या संचालकाला घसाऱ्यापेक्षा भाव जवळचा वाटतो, यात नवल नाही. यावर जुन्या मंडळींनी काढलेली तोड म्हणजे उसाच्या बिलातूनच टनामागे काही रुपये ठेव म्हणून कापून घेणे. काही ठेवी परतीच्या, काही बिनपरतीच्या. सभासद कुरकुरतो, पण अनेक ठिकाणच्या विस्ताराला भांडवल मिळाले ते याच कपातीतून.