नायगांवचे मोर

सुटींतील प्रवासाचा बेत ठरवितांना आपल्या घरांतून अलीकडे परदेशाचें नांव सहज निघूं लागलें आहे. मुलगा किंवा भाचा तिकडे नोकरीस असला म्हणजे तर बोलावयासच नको. रोम आणि माद्रिद पाहून झालें कीं कोणीतरी सुचवितें, तेथील राखीव अरण्येंही पाहून या. सूचना उत्तमच आहे. परंतु बीड जिल्ह्यांतील ज्या घरांत असले बेत शिजतात, त्यांपैकीं कितीजणांनीं स्वतःच्या जिल्ह्यांतील मयूर अभयारण्य पाहिलें आहे, असें विचारल्यास बहुतेक ठिकाणीं आजोबांपासून नातवापर्यंत सारेच एकमेकांकडे पाहूं लागतील.

हें अभयारण्य पाटोदा तालुक्यांत नायगांवच्या परिसरांत आहे. बीडहून मांजरसुंब्यास यावें आणि तेथून पाटोद्याचा रस्ता धरावा. १९९४ सालीं सरकारनें येथील २९.८९ चौरस किलोमीटर रान राखून ठेवलें. रान म्हणतांच घनदाट अरण्य डोळ्यांपुढें आणूं नये. बालाघाटच्या डोंगरांतले हे उघडे माळ, मधून मधून ओढे नि घळी, बोरी-बाभळी, पळस आणि सीताफळीचीं झुडपें. मोराला हेंच मानवतें. चरावयास मोकळी जागा, लपावयास झुडूप, रात्रीं बसावयास उंच झाड आणि जवळपास पाणी, एवढीच त्याची मागणी असते. यांतली शेवटची मागणी पुरविणेंच कठीण होऊन बसलें आहे.

पाहावयास जावें तें पावसाच्या तोंडावर, आणि तेंही भल्या सकाळीं किंवा उन्हें उतरल्यावर. मोर पावसासाठीं नाचतो ही आपली काव्यमय समजूत आहे. तो नाचतो लांडोरीसाठीं; विणीचा हंगाम पावसाला लागून येतो इतकेंच. पिसारा म्हणजे मोराचें शेपूट, ही समजूतही तशीच. खरें शेपूट आंखूड आणि तपकिरी असतें. त्याच्या वरचीं पिसें वाढून पिसारा होतो, आणि तो उभारला म्हणजे खरें शेपूट मागून त्याला टेकू देतें. पिसांवरील निळी-हिरवी झांकही रंगद्रव्याची नव्हे. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो त्याची ती करामत आहे. मुलांना हें आधीं घरीं सांगून ठेवावें, कारण तेथें गेल्यावर बोलावयाचें नसतें!

आतां युरोपांतील एका अरण्याची हकीकत. दक्षिण स्पेनमध्यें ग्वादालक्विवीर नदीच्या मुखाशीं दोन्याना नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वीं तें राजेरजवाड्यांचें शिकारीचें रान होतें. १९६९ सालीं त्यास उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९४ सालीं, म्हणजे आपलें नायगांव राखीव झालें त्याच वर्षीं, जागतिक वारशाच्या यादींत त्याचा समावेश झाला. युरोपांतून आफ्रिकेकडे जाणारे असंख्य पक्षी येथील दलदलींत विसावतात. पेंटेकॉस्टच्या सणास लाखों यात्रेकरू, कोणी घोड्यांवर तर कोणी बैलगाड्यांतून, एल रोसीओ येथील मेरीमातेच्या दर्शनास निघतात; त्यांच्यांतल्या कित्येकांची वाट याच रानांतून जाते. पंढरीची वाट चाललेल्या माणसास तो देखावा परका वाटूं नये.

या दोन्यानाच्या भोंवतीं स्ट्रॉबेरीची लागवड वाढली. फळ नाजूक, दाम चांगला आणि तहान मोठी. परवान्यावांचून विहिरी खोदल्या गेल्या, जमिनीखालचें पाणी खालीं खालीं गेलें. २०२१ सालीं युरोपीय न्यायालयानें याबद्दल स्पेन सरकारला दोषी ठरविलें. तरीही पुढल्याच वर्षीं, अवर्षणाची भर पडून, सांता ओलाया हें तेथील बारमाही म्हणून गणलें जाणारें मोठें तळें आटलें. उद्यानाच्या हद्दींत कोणी कुऱ्हाड चालविली नव्हती कीं बंदूक झाडली नव्हती. पाणी कुंपणाबाहेरून गेलें.

बीडच्या वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागूं नये. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, आणि तरी उन्हाळ्यांत येथें माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते. मोरांसाठीं केलेल्या पाणवठ्यांतही पाणी आणून ओतावें लागतें. तें न मिळालें कीं मोर शेताकडे, वस्तीकडे वळतो. तेथें त्याला कुत्रीं गांठतात. कधीं औषध चोळलेलें बियाणें त्याच्या पोटांत जातें. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या कायद्यानें त्याची शिकार हा गुन्हा आहे, पण कोरड्या पाणवठ्यावर खटला भरतां येत नाहीं. शेतकऱ्याच्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. उगवता भुईमूग आणि ज्वारीचें कणीस मोर खातो तें त्याचें वर्षाचें पोट असतें; दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबास मोराचें कौतुक शिकविण्याचा अधिकार शहरांतल्या आपणांस फारसा नाहीं. आपल्या घरांत कूपनलिका किती खोल गेली आहे, हें पाहण्याचा मात्र आहे.

एका गोष्टीबद्दल घरांतील स्त्रियांस सांगावयाचें आहे. देव्हाऱ्यांत बाळकृष्णाजवळ मोरपीस ठेवण्याची आपली चाल आहे. मोर दरवर्षीं पावसाळा सरतांना पिसारा टाकतो आणि अशा गळालेल्या पिसांची देशांत विक्री करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. अभयारण्यांतून मात्र पडलेलें पीसही उचलून आणूं नये. बाजारांत घेतांना पिसाच्या मुळाकडचें टोंक पाहावें. गळालेल्या पिसाचें टोंक कोरडें नि स्वच्छ असतें. उपटलेल्या पिसाच्या मुळाशीं रक्ताचा अंश राहतो.