आठवण सांगणारा आणि ऐकणारा



तालुक्याच्या गावी एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरसाल एक निबंध लिहायला सांगतो. विषय अगदी सोपा : ‘माझी आई’. एका वर्षी साठ वह्या जमल्या. तपासायला बसलो, तर पाहतो काय, बहुतेक वह्यांतली आई एकच! ती मायेचा सागर होती, ती पहाटे उठत होती, ती चंदनासारखी झिजत होती. साठ घरच्या साठ आया, आणि वाक्ये मात्र एकाच गाइडातली.

त्यांत एक वही निराळी निघाली. त्या मुलीची आई दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात असे. मोळी डोक्यावर घेण्याआधी आई चुंबळ कशी वळते, पाचटाने कापलेल्या हातांना रात्री काय लावते, पहाटे निघताना झोपलेल्या धाकट्याला उचलून गाडीत कशी घालते, एवढेच तिने दीड पानात लिहिले होते. आणि खाली एक ओळ होती : ‘सर, गाइड मिळालं नाही म्हणून मनानंच लिहिलं. चुकलं असल्यास माफ करा.’

ती माफी वाचून मला शरम वाटली. मनाने लिहिणे ही चूक आहे, असे या मुलीला कोणी शिकवले? कोणी मुद्दाम शिकवले नसेल. पण आम्हा मास्तर मंडळींच्या वागण्यातून ती तेच शिकली. लेखक ही काही वेगळ्या मातीची माणसे असतात, पुस्तके मोठ्या विचारांतून होतात, आपल्या घरात पुस्तकात जाण्यासारखे काही घडतच नाही, अशी आपल्या मुलांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे आज चार पुस्तकांच्या आधाराने पाहू. चारही पुस्तके आपल्या ओळखीची आहेत. ती लिहिणारांनी अनुभव कोठून आणला आणि तो कागदावर कसा आला, एवढेच पाहायचे.

पहिले पुस्तक अर्थात ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे हातावेगळे केले. काही थोड्या कथा पुढे बाहेर आल्यावर लिहिल्या, पण पुस्तकाचा मोठा भाग त्या पाच दिवसांतला. १९३५ साली ते छापून निघाले. पाच दिवसांत पुस्तक! ऐकणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. पण हिशेब नीट मांडून पाहा. गुरुजींची आई वारली १९१७ साली. म्हणजे लिहिणे पाच दिवसांचे असले, तरी मनात सांभाळणे पंधरा वर्षांचे होते.

आणि त्या पंधरा वर्षांत गुरुजी काय करीत होते? १९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर होती. घर सोडून आलेल्या पोरांच्या उशाशी ते बसत, त्यांना गोष्टी सांगत, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढीत. पुढे १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत असत. ते सारे बोलणे गुरुजींनी भराभर उतरून घेतले, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहेत. हे ध्यानात घ्यावे : दुसऱ्याचे बोलणे जिवाचा कान करून ज्याने लिहून घेतले, त्यानेच दुसऱ्या वर्षी स्वतःच्या आईची गोष्ट लिहिली. ऐकण्याची सवय अगोदरची आहे, लिहिणे नंतरचे.

पुस्तकाची बांधणीही सांगणाऱ्या-ऐकणाऱ्याचीच आहे. श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो, ते ऐकतात. आणि सांगतो तरी काय? भाजीत मीठ घालायचे आई विसरली, वडील न बोलता जेवून उठले. श्याम पोहायला जाईना, तेव्हा आईने त्याला छडीने मारले. कोकणातल्या कर्जबाजारी घरात रोज घडणाऱ्या या गोष्टी. ‘मायेचा सागर’ असे न म्हणता अळणी भाजी सांगितली, म्हणून ती आई महाराष्ट्राला आपली वाटली.

आता दुसरे पुस्तक घेऊ. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली जन्मल्या. लहानपणी त्यांना शाळा नव्हती. लग्नानंतर पतीने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, त्यांना अक्षरे शिकवली. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना तो घाव फार लागला. काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग पुन्हा एकत्र आल्या, आणि कालांतराने स्वतः विचार करून त्यांनीही तो धर्म घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले. पुढे मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. त्या आठवणी वाढत गेल्या आणि त्यांतून एक स्वतंत्र पुस्तकच उभे राहिले. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये बाई वारल्या, तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो मुलाने पुरा केला.

म्हणजे पाहा, चरित्र व्हायचे होते विद्वान नवऱ्याचे. मराठी भाषेला मिळाले त्याच्या बायकोचे. कारण एकच : मुलाने विचारले आणि आईने जसे घडले तसे सांगितले. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे भयंकर वेड होते. बाजारातून आणलेले मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल! दुसऱ्या कोणी हे रडत सांगितले असते. लक्ष्मीबाई हसत सांगतात, स्वतःची फजितीही लपवीत नाहीत. आणि भाषा? माजघरात बसून बायका बोलतात तीच. शिक्षण कमी म्हणून भाषा अडली नाही. उलट पुस्तकी भाषा अंगी मुरली नव्हती, त्याचा लाभच झाला.

येथवर स्वतःच्या घरातल्या आठवणी झाल्या. पण लेखकाने सारे स्वतःच भोगलेले असावे लागते, असे मात्र नाही. तिसरे पुस्तक त्यासाठीच घेतो. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली. अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावला, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या गावी, मांग समाजात जन्मले. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा, असे सांगतात. मुंबईच्या कामगारवस्तीत राहून, काम करून, शाहिरी करीत ते लिहू-वाचू लागले. आता, फकिराचे बंड त्यांनी डोळ्यांनी पाहणे शक्यच नव्हते. ते तेव्हा नुकते जन्माला येत होते. पण घरात ती गोष्ट रोजची होती. आपला जन्म झाला त्या दिवशी फकिराने लुटीतले दोन ओंजळी सुरती रुपये घरी आणून टाकले, अशी हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. सरकारी दप्तरात अशा माणसाची नोंद दरोडेखोर म्हणून होते. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र त्याला ‘भुकेल्याला जगवणारा’ म्हणून आठवणीत ठेवले. अण्णा भाऊंनी दप्तरावर विश्वास ठेवला नाही, म्हाताऱ्यांवर ठेवला. १९६१ साली महाराष्ट्र शासनाने या कादंबरीला पारितोषिक दिले.

चौथे पुस्तक शिक्षक बंधु-भगिनींना जवळचे वाटेल : व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली ती पुस्तकरूपाने आली. माडगूळकर माणदेशातले, औंध संस्थानच्या मुलखातले. कोवळ्या वयात त्यांनी काही काळ शाळामास्तराचे काम केले होते. बनगरवाडीत असाच एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या आडबाजूच्या वस्तीवर येतो. शाळेत पोरे नाहीत, मोठी माणसे मेंढरांमागे. हळूहळू गावकऱ्यांची भांडणे, दुखणी, अडचणी मास्तरापर्यंत येऊ लागतात. गाव मिळून तालीम बांधते. मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. शेवटी मास्तरही निघून जातो.

मुले विचारतात, ‘सर, हे सगळं खरंच घडलं का?’ याचे उत्तर सावधपणे द्यावे. लेखक आणि त्याच्या पुस्तकातला मास्तर एकच, असे धरू नये. शेतातला सगळा माल कोणी जसाच्या तसा बाजारात नेत नाही. पाखडतो, निवडतो, मग पोते भरतो. लेखकही काही टाकतो, काही एकत्र करतो. पण पाखडायला मुळात धान्य लागते. माडगूळकरांपाशी ते होते, कारण ते वस्तीवर गेले तेव्हा त्यांनी डोळे-कान उघडे ठेवले होते. पुढे त्यांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांत अनेक वर्षे काम केले. खेड्यातल्या माणसाचे बोलणे ऐकणे हाच त्यांचा चाकरीतलाही धंदा झाला.

आता ही चार माणसे शेजारी ठेवून पाहा. एक पदवीधर शिक्षक, एक शाळा न पाहिलेली गृहिणी, एक वस्तीवरचा शाहीर, एक पोरसवदा मास्तर. जात, धर्म, शिक्षण, सगळे वेगळे. सारख्या आहेत त्या दोनच गोष्टी. त्यांनी मोठे शब्द बाजूला ठेवून लहान वस्तू सांगितल्या : मीठ, भाजी, रुपये, मेंढरे. आणि प्रत्येकाच्या वाटेवर कोठे ना कोठे ऐकणे आहे. कोणाला मुलाने विचारले, कोणी वडीलधाऱ्यांचे ऐकले, कोणी वस्तीचे ऐकले. अनुभव सगळ्यांपाशीच असतो. विचारणारा भेटला नाही, तर तो माणसाबरोबरच मातीत जातो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, पोरांसाठी वाटायची सुकडी, मुकादमाची हजेरी, हे शब्द तिच्या तोंडी सहज येत. मी एम. ए. करीत होतो, तेव्हा दुष्काळाचे साहित्यातील चित्रण या विषयावर वीस पानांचे टिपण लिहिले. सुटीत घरी आलो की ओसरीवर बसून ते पाठ करीत असे. आजी तेथेच बसलेली असे. एकदा तिने विचारले, ‘कशाचं वाचतोस रं?’ मी म्हणालो, ‘दुष्काळाचं.’ ती म्हणाली, ‘आता ते बी पुस्तकात असतंय व्हय?’ आणि गप्प बसली. मी पुढे पाठ करू लागलो. मला गुण चांगले मिळाले. त्याच वर्षी आजी गेली. खडी फोडताना तिच्याबरोबर कोण होते, मजुरी किती मिळे, माझ्या वडिलांना त्या वेळी कोणापाशी ठेवून ती कामावर जाई, यातले मला आज काहीही सांगता येणार नाही. विचारायला मी अंगणाइतकाही दूर नव्हतो.

म्हणून शिक्षक मित्रांना आणि घराघरांतल्या शिकलेल्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ एक वही घेऊन बसा. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असे विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. वस्तूबद्दल विचारा. पहिली विहीर कोणी खणली? लग्नात जेवायला काय होते? पहिल्यांदा एस. टी. गावात आली तेव्हा कोण कोण चढले? एका वस्तूमागून दुसरी निघेल. सांगणारा जसा बोलतो तसेच उतरा, त्याची भाषा शुद्ध करायला जाऊ नका. आणि लिहून झाले की त्याला वाचून दाखवा. तो म्हणेल, ‘तसं नव्हं, असं झालं.’ ती दुरुस्तीच पुष्कळदा सर्वांत मोलाची असते.

प्रत्येक वहीचे पुस्तक होईल असे नाही, आणि व्हायलाही नको. पण त्या घरात आजी काय होती, हे नातवाला ठाऊक राहील. वर्गात मुले गाइड बाजूला ठेवतील.

त्या ऊसतोडीच्या आईवर लिहिणाऱ्या मुलीला मी सर्वांत जास्त गुण दिले, आणि तिचा निबंध वर्गात वाचून दाखवला. वाचताना वर्ग शांत होता. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा आला आणि म्हणाला, ‘सर, माझी वही परत द्या. मी दुसरा निबंध लिहून आणतो.’